मामांचं राखून ठेवलेलं मत

अन्याय घोडेवाल्या मामांवर झाला. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला, आमच्या गेवराई गावच्या वाचनालयात, पेपर वाचायच्या लांब टेबलासमोर समितीने सगळ्यांदेखत त्यांचं सभासद कार्ड रद्द केलं. आरोप: वाचनालयात मटक्याचे आकडे चालवणे. पुरावा: एक पुस्तक. तक्रारदार: मी.

हे वरच सांगून टाकते. पत्रकात महत्त्वाची ओळ आधी घालायची, असं मला शिकवलेलं आहे. मी मटकाबंदीची पत्रकं लिहिते. गेवराई तालुक्यात आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. गुलाबी कागद, वर प्रश्न, खाली मागणी आणि मध्ये राग. राग मला बरा जमतो. या वेळी तो कुणावर काढायचा तेच कळत नाही, तरी लिहायला बसले आहे.

मामा नेमके कुणाचे मामा, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. मूळचे उमापूरचे. पंधरा-वीस वर्षं त्यांच्याकडे वरातीची घोडी होती. आमच्या गावातले निम्मे नवरे त्यांच्या चांदणीवर बसून मारुतीला गेले. पुढे वरातीत फुलं लावलेल्या मोटारी आल्या, ट्रॅक्टरभर स्पीकर आले. त्या आवाजाने चांदणी बिथरायला लागली, तशी मामांनी ती आष्टीच्या बाजारात नेऊन विकली. त्याच महिन्यात ते वाचनालयाचे सभासद झाले. घोडी विकून माणूस वाचनालयात का येतो, ते मला समजेना. एकदा विचारलंही.

"पाटं उठायची सवय हाय," मामा म्हणाले. "उठून जायाचं कुटं?"

वाचनालय साडेआठला उघडतं. मामा सात वाजल्यापासून पायरीवर.

ते खुर्चीवर कधी बसले नाहीत. खिडकीशी उभं राहून वाचायचे, एका पायावर भार टाकून, दुसरा पाय गुडघ्यात ढिला सोडून. तासाभराने पाय बदलायचे. पान उलटताना जिभेने टक् असा आवाज काढायचे, जसं घोडीला पुढे चाल म्हणतात तसा. ग्रंथपाल आधी वैतागायचे, मग त्यांनाही सवय झाली. कुणाबरोबर रस्त्याने चालायचे तर नेहमी डाव्या अंगाने आणि अर्धं पाऊल पुढे, उजवा हात किंचित वर धरून. हातात दोर नसायचा, एवढंच. सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा. त्यांचं म्हणणं ज्याला पटेल त्याच्या तळहातावर तो ठेवायचे. आणि माणसं ओळखायचे ती चालीवरून. निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई रोज पेपरला यायच्या, त्या दुडक्या चालीच्या. समोरच्या दुकानातला टेलर अडेल, पण एकदा निघाला की थांबत नाही. मी कशी, असं मी आपणहून विचारलं ही माझी चूक.

"तुजे कान मागं असतात, पोरी."

"म्हणजे?"

"कान मागं टाकलेली घोडी चावती. तवा तिच्याम्होरं बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई. गप उभं ऱ्हायाचं. कान सरळ झाले की मंग गूळ."

मी हसले होते. हे वाक्य पुढे लागणार आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता ते पुस्तक. त्याचं नाव सांगता येत नाही, कारण त्याला कव्हर नाही आणि पहिली चार पानंही नाहीत. वाचनालयाच्या रजिस्टरात त्याची नोंद 'घोड्याचं इंग्रजी पुस्तक, मराठीत' अशी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं इंग्लंड. एका मोठ्या जमीनदाराची मुलगी, आणि तिच्या वडिलांच्या पागेतला मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर. दोघांचं प्रेम जमतं ते एका करड्या घोडीला खरारा करता करता. बापाला कळतं. तो पोरीला काहीच बोलत नाही. घोडी विकायला काढतो, आणि ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं काम त्या मोतद्दारालाच सांगतो. पान एकशेसत्तेचाळीस. मोतद्दार घोडीच्या मानेवर डोकं ठेवून रडतो. मग शंभरेक पानं ताटातूट, आणि शेवटी तो ती घोडी शोधून परत आणतो आणि मुलगी घर सोडून त्याच्याबरोबर जाते.

एवढंच. मी म्हणाले असते, वेळ घालवायचं पुस्तक. मामांनी ते सहा वेळा नेलं आणि सातव्यांदा मागितलं.

"एवढं आवडलं?" ग्रंथपालांनी विचारलं.

"लई खोटं हाय," मामा म्हणाले. "द्या."

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ग्रंथपाल एक कोरा कागद चिकटवतात. त्यावर वाचकाने अभिप्राय लिहायचा, असा नियम आहे. नव्वद टक्के पुस्तकांत तो कागद कोराच असतो, उरलेल्यांत 'छान' असतं. मामांनी नियम पाळला, पण त्यांचं मत त्या एका कागदात मावेना. म्हणून त्यांनी स्वतःची रीत काढली. मत लिहायचं ते ज्या पानाबद्दल आहे त्याच पानाच्या समासात, पेन्सिलीने. आणि शेवटच्या कागदावर फक्त पत्ता: पानाचा आकडा, मग रेघ, मग कितवं वाचन तो आकडा. पान एकशेबारावर चौथ्या वाचनात काही सुचलं तर ११२–४.

दुसरे वाचक हा पत्ता बघून पान काढायचे आणि खाली आपलंही लिहायचे. बाई लिहायच्या, टेलर लिहायचा. टेलरने आयुष्यात दुसरं पुस्तक वाचलेलं नाही. तो रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी खिडकीतून विचारायचा, "मामा, आज काय? एकशेबारा-चार का?"

"न्हाई, एकशेसत्तेचाळीस-दोन बघ परत. तितं बाईंनी मला हानलंय."

हे संभाषण मी दारात उभी राहून ऐकलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात आमच्या आळीतल्या एका घरातली गॅसची टाकी मटक्यापायी विकली गेली होती, माझं डोकं तापलेलं होतं. टेबलावर पुस्तक उघडं पडलेलं. शेवटचा कागद वर. पेन्सिलीने लिहिलेले आकड्यांचे दोन रकाने, रोज नवी भर. मटक्याची रीत मला पाठ आहे, तिच्याविरुद्धच लिहिते ना मी. तीन आकडे निघतात, त्यांची बेरीज करायची, शेवटचा आकडा रेघेपुढे मांडायचा. मी तिथेच केली. ११२: एक, एक, दोन, चार. रेघेपुढे चार. १४७: एक, चार, सात, बारा. बाराचा दोन. रेघेपुढे दोन.

बरोब्बर बसलं. बाकीचे बसत नव्हते, १४७–३ बसत नव्हता, ११२–२ बसत नव्हता. ते मी हरलेले आकडे समजले.

मी पान एकशेसत्तेचाळीस उघडलं नाही. एका बोटाचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी पत्रक निघालं. 'वाचनालय की मटक्याचा अड्डा? पुस्तकाच्या आडून आकडे चालवणारा घोडेवाला कोण?' पोळ्याला बैल मारुतीसमोर आले तिथे मी स्वतः वाटलं. बैल नेणाऱ्यांच्या दोन्ही हातांत कासरे, तरी त्यांच्या खिशात घातलं. करीच्या दिवशी समितीची सभा.

सभेत अध्यक्षांनी पुस्तक उंच धरून विचारलं, "हे आकडे कशाचे?"

"पुस्तकाचे," मामा म्हणाले.

"पुस्तकाचे म्हंजे?"

"वाचलं तर कळंल."

मी उठून उभी राहिले. "उडवाउडवीची उत्तरं देऊ नका. सरळ सांगा, हे आकडे कुणाला पुरवता?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखा एक पाय ढिला नव्हता, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट. काही बोलले नाहीत. हललेही नाहीत. मी त्याला कबुली म्हटलं. बाई त्या दिवशी बीडला नातवाकडे गेल्या होत्या. टेलर आला होता, पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि "मी सांगतो, मी सांगतो" म्हणाला तेव्हा मीच म्हणाले, "आधी तुमचं दुकान सांभाळा." कार्ड रद्द झालं. पुस्तक पुरावा म्हणून माझ्या ताब्यात दिलं.

बाहेर पायरीवर मामांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता शिव्या. तर म्हणाले, "त्यातली तीन पत्रकं दे की गं."

"कशाला?"

"घोडेवाला म्हंजी मीच ना त्यो? माज्यावर आजवर कुनी काई छापलं न्हाई. एक माज्या पोरीला पाटवतो."

मी दिली. काय करायला हवं होतं? अजून कळत नाही.

पुस्तक तीन दिवस माझ्या पिशवीत होतं. चौथ्या दिवशी दुसऱ्या पत्रकासाठी आकडे उतरवून घ्यावेत म्हणून काढलं, आणि मग एकशेसत्तेचाळीस उघडलं.

मोतद्दार घोडीच्या मानेवर डोकं ठेवून रडतो त्या ओळीखाली रेघ. बाजूला समासात मामांचं अक्षर, एकाखाली एक.

पहिल्या वाचनाचं: 'खोटं. घोडी विकताना कुणी रडत न्हाई. दावं देतो हातात आन चहा प्यायला जातो.'

दुसऱ्याचं: 'खोटंच. लिहिनाऱ्यानं घोडी विकलेली न्हाई.'

त्याखाली बाईंचं सुबक अक्षर: 'मामा, तुम्ही विकलेली आहे म्हणून तुमचंच खरं, हे गणित चूक आहे. माणसं वेगवेगळी असतात.'

तिसऱ्याचं: 'मानेवर हात ठेवला ते मात्र बराबर हाय.'

चौथ्याचं: 'चहा मी प्यायलो न्हवतो. कप हातात होता.'

टेलर: 'मग कुणी प्यायला?'

पाचव्या वाचनाचं काहीच नाही. नुसती रेघ, पेन्सिल दाबून ओढलेली, कागद जरा फाटलेला. आणि सहाव्याचं: 'खोटं. पन राहू द्या.'

मी रात्र होईपर्यंत पुस्तकभर हिंडत राहिले. पान नव्वदवर जमीनदाराची पोर दोन्ही पाय एका अंगाला टाकून घोडीवर बसते, तिथे मामा: 'पाठ सोलते अशानं. घोडीला कुनी इचारलं का?' त्याखाली टेलरने त्या झग्याचा नकाशाच काढलाय, मापांसकट, आणि लिहिलंय की एवढा घेर शिवायला आपल्या मशीनला आठ दिवस लागतील, ती बाई एका पानात कपडे बदलून येते हे अशक्य. पान एकशेबारावर घोडी नवव्या महिन्यात व्याली, तर मामा चारही वाचनांत एकच वाक्य लिहितात: 'अकरा महिने. अकरा. अकरा.' चौथ्यात बाईंनी शरणागती पत्करलीय: 'मान्य. अकरा.' तिथे कागदावर एक पिवळट चिकट डाग आहे. गूळ.

आणि शेवटचं पान. मुलगी पागेच्या दारात येते, मोतद्दार हात देतो, ती जाते. बाई लिहितात: 'गेली ते बरं केलं. मी गेले नसते, म्हणून म्हणते.' टेलर लिहितो: 'गेलीच नाही. त्या झग्यात घोड्यावर चढता येत नाही. थाप आहे.' सगळ्यात खाली मामांनी पेन्सिलीने एक चौकोन आखलाय, चार बोटं रुंद. आत काही नाही. चौकोनावर लिहिलंय: 'मत राखून ठेवलं हाय. इथं कुनी लिहू नये.'

मी काय करावं? मला पुस्तकांत लिहिणाऱ्यांची चीड आहे. तरी शेवटच्या कागदावर, मामांच्या आकड्यांखाली मी पेनाने लिहिलं: १४७–१. माझं पहिलं वाचन. मत लिहायची हिंमत झाली नाही, पत्ता तेवढा लिहिला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांकडे पुस्तक आणि माफीचा अर्ज दिला. रीतसर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय मी कुठलाच कागद देत नाही. मामांच्या घरी गेले ती दोन दिवसांनी. बाजारामागच्या गल्लीत एक खोली, पुढे घोडीची पाणी प्यायची दगडी डोणी, तिच्यात आता धुणं भिजत असतं. मामा दारात उभे.

"मामा, माझं चुकलं."

"कशात?"

"पत्रकात."

"न्हाई गं. पत्रक चांगलं हाय, लई तावात लिवलंस. पुढच्या बारीला त्यात अकरा महिने बी टाक."

"मामा, थट्टा नका करू. सभेत तुम्ही बोलला का नाहीत? एक वाक्य सांगितलं असतं तर मी पान उघडलं असतं."

"कशी बोलू? तुजे कान मागं होते."

मला रागच आला खरं तर. असं कुणी आपलं कार्ड जाऊ देतं का, समोरच्याचे कान बघत? लढायला नको? आणि तरी चूक माझीच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात होत्या आणि अजून आहेत.

"आता काय हवंय तुम्हाला?" मी विचारलं. "जाहीर माफी? पत्रक काढते."

"पुस्तक पायजे. शेवट ऱ्हायलाय."

"शेवट तुम्ही सहा वेळा वाचलाय."

"वाचलाय. मत ऱ्हायलंय." त्यांनी डोणीच्या काठावर हात टेकला. "बाई म्हनतात गेली ते बरं. टेलर म्हनतो गेलीच न्हाई. दोगं माज्याकडं बगायलेत. पन त्या दोगांच्या मधी एक घोडी हाय. ती परत आलेली हाय. विकलेली घोडी परत आली तर मानसाला वळखती का न्हाई, ते आदी ठरवावं लागंल. ते ठरलं की पोरीचं मी एका वळीत सांगतो."

"ओळखते का?"

"मी आष्टीला परत गेलतो कुटं?" मामा म्हणाले. आणि माझ्या हातावर गूळ ठेवला. मला काय पटलं होतं, ते त्यांना ठाऊक.

मी सरळ वाचनालयात गेले. मामांचं कार्ड चालू करा, पुस्तक त्यांना द्या. ग्रंथपालांनी रजिस्टर उघडलं. त्यांचं म्हणणं असं: पुस्तक मामांच्या नावावर बाहेर आहे. सभेत ते मामांच्या हातातून घेतलं, तेव्हा जमा झाल्याची नोंद कुणी केली नाही. नावावर पुस्तक बाकी असलेल्या सभासदाचं कार्ड चालू होत नाही. मी माझी पोच टेबलावर आपटली. पोचेवर लिहिलं होतं: 'पुरावा, वस्तू एक.' त्यात पुस्तकाचं नाव नाही. नाव असणार कसं, पुस्तकालाच नाही.

"बरं, पुस्तक तर इथंच आहे ना? आणा आणि जमा करा."

ग्रंथपाल उठले, कपाटामागे गेले, बराच वेळ आले नाहीत. नवीन लोखंडी कपाट आलं होतं. जागा करायला जुने पेपर आणि नोंद नसलेले कागद आदल्या दिवशी रद्दीत गेले. कव्हर नसलेलं, नाव नसलेलं, 'वस्तू एक' असं लेबल असलेलं पुस्तक त्यातच.

रद्दीवाला सापडला. त्याला पुस्तक आठवत होतं, कारण ते त्याने विकलं होतं. बसस्टँडवर एका माणसाला, परळीच्या गाडीची वाट बघत होता त्याला. "त्यानं चाळलं," रद्दीवाला म्हणाला, "हसला, म्हनला ह्याच्यात लोकांनी लई काई लिवलंय, हेच द्या. आन गाडीत बसला."

समितीला मी तीन अर्ज दिले आहेत. उत्तर एकच येतं: सभासदाने पुस्तक जमा करावे. मामा अजून सात वाजता पायरीवर येतात. पेपरला कार्ड लागत नाही, म्हणून ग्रंथपाल खिडकीतून पेपर देतात, मामा बाहेर उभ्याउभ्या वाचतात आणि पान उलटताना टक् असा आवाज येतो. बाई आत बसून तो ऐकतात. टेलर आता काही विचारत नाही. मामांचं त्या पुस्तकावर प्रेम होतं की राग, ते घोडीबद्दल लिहीत होते की आणखी कशाबद्दल, आणि मला त्यांनी खरंच माफ केलंय की माझे कान सरळ व्हायची वाट बघतायत, यातलं एकही मला सांगता येणार नाही. मागणी मात्र सांगता येते.

परळीच्या गाडीत बसलेल्या भल्या माणसा, ते पुस्तक तुझ्याकडे आहे. तू ते कुणाला दिलं असशील तर त्या वाचका, तुझ्याकडे आहे. कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत, शेवटच्या कागदावर पेन्सिलीचे आकडे आहेत आणि सगळ्यात खाली पेनाने लिहिलेला एक, तो माझा. तुला जे वाटलं ते समासात लिही, मामांची हरकत नसेल. फक्त शेवटच्या पानावरचा चौकोन रिकामा ठेव. आणि पुस्तक घेऊन ये. गेवराईला उतर, घोडेवाल्या मामांचं वाचनालय कोणतं असं कुणालाही विचार, सकाळी सातला ये. पुस्तक खिडकीतून आत देऊ नकोस. पायरीवर जो माणूस एका पायावर भार टाकून उभा असेल, त्याच्या हातात दे.